माळ्याची पट्टी

सविताने माळ्याचं काम आबांना द्यायचं ठरवलं तेव्हा घरात ते एकालाही पटलं नाही, आणि न पटलेल्या माणसांत आबा स्वतःही होते.

तुंगार्लीत तळ्याच्या वरच्या अंगाला सविता आणि तिचा नवरा माऊली यांच्या तीन खोल्या होत्या. शनिवार-रविवारी मुंबईकडची माणसं येऊन राहायची, सविताच्या हातचं जेवायची, धुक्याचे फोटो काढायची आणि जाताना "पुन्हा येऊ हं" म्हणून न येण्यासाठी निघून जायची. तिसरी खोली नवी होती. उतारावर विटांचं वजन नको म्हणून ती लाकडी सांगाड्यावर बांधलेली. एका रांगेत उभे सोट, ज्यांना सुतार नुसतं 'उभे' म्हणतात, त्यांना आतून-बाहेरून सिमेंटची शीट ठोकलेली, वर पुट्टी आणि रंग. खोली चांगली उंच होती. अर्ध्या खोलीवर माळा टाकला तर चार माणसं जास्तीची झोपतील, असं माऊलीच्या मनाने घेतलं. त्याचं चूक नव्हतं. शिडी दिसली की पाहुण्यांची पोरं खाली थांबत नाहीत.

"प्रदीपला सांगू," माऊली म्हणाला. प्रदीप सोमाटण्याचा. या भागात लाकडी खोल्या उभ्या करण्यात त्याचा हात बसला होता.

"आबांना सांगू," सविता म्हणाली.

महिपती आबा म्हणजे सविताचे वडील, राहणारे सुदुंबऱ्याचे. घरची भातशेती होतीच, पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कारखान्यांसाठी लाकडी खोकी ठोकण्यात घालवली होती. मोठमोठी मशिनं ज्यांत बसवून बाहेरगावी धाडतात ती खोकी. दिवसभर करवतीच्या कर्कश्श आवाजात उभं राहायचं आणि संध्याकाळी लाकडाच्या वासाचं होऊन घरी यायचं. गावात त्यांना कुणी सुतार म्हणत नसे, खोकीवाले महिपती म्हणत. पण त्यांनी गावात बसवलेलं एकही दार कधी पावसाळ्यात फुगून अडलं नव्हतं, हे अडलेल्या दारांचे मालकसुद्धा कबूल करत.

लाकडी खोक्यांचं काम बंद पडलं तसे आबा घरी बसले. सुरुवातीला कुणी ना कुणी बोलवायचं. कुणाचा पाट, कुणाची खिडकी. मग तेही थांबलं, आणि आबा घुमे झाले. फोन वाजला की आईच्या हातात द्यायचे. पारावर बसले तरी माणसांपासून जरा लांब बसायचे. विचारलेल्या गोष्टीला "व्हय व्हय" म्हणून वेळ मारून न्यायचे. सविता माहेरी गेली की तिला तेच दिसायचं. भर लग्नघरात खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून रुबाबात फिरणारा तिचा बाप ओसरीवरच्या रिकाम्या पोत्यासारखा पडून असायचा. त्यांचा हात पुन्हा चाललेला तिला बघायचा होता. तिच्या लेखी माळा हे निमित्त होतं, खरं काम तेवढंच होतं.

सविताची जाऊ सारिका शेजारीच राहायची. ती तोंडाची फटकळ, मनाची वाईट नव्हे. ती म्हणाली, "सविता, लोकांची लेकरं वर नाचणार. म्हाताऱ्या माणसाला कशाला गं हा ताप?"

"माझ्या आबांनी ठोकलेली खोकी बोटीत बसून साता समुद्रापार गेलीत," सविता ठसक्यात म्हणाली. "तुझ्या माहेरचं कुणी गेलंय का?"

सारिका हसली. सविताने मात्र त्या हसण्याला उत्तर देणं आपल्या अंगावर घेतलं, आणि पुढचा घोळ बराचसा तिथूनच झाला.

आबा आले ते जुनी पिशवी घेऊन. खोली बघितली, भिंतीवरून हात फिरवला, नाकाने वास घेतला आणि म्हणाले, "पाइन हाय. खोक्याचंच लाकूड." त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. मग भिंतीवर पेन्सिलीची सरळ रेघ मारून त्यांनी सविताला समजावलं: ह्या रेघेवर आडवी एक जाड फळी बसवायची, तिला पट्टी म्हणायचं. माळ्याचे वासे एका बाजूला ह्या पट्टीवर टेकणार, दुसऱ्या बाजूला नव्या दोन खांबांवर. खांबांचं काही भय नाही, ते जमिनीवर उभे आहेत. पट्टी मात्र भिंतीला धरून आहे. ती कशाने धरायची आणि कशात धरायची, सगळी भानगड तेवढीच.

लोणावळ्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात बापलेक गेले. दुकानदाराने न विचारताच काळ्या स्क्रूंची डबी पुढे सरकवली. "आबा, सगळे हेच नेतात. मशीन लावलं की भुर्रकन आत."

आबांनी त्यातला एक घेतला, दुकानदाराची पक्कड मागितली आणि स्क्रू वाकवायला गेले. तो टक्कन मोडला. मग त्यांनी तेवढाच लांब खिळा घेतला. तो वाकला, पण अखंड राहिला.

"बघ सवे," ते म्हणाले. "कपाटाला काळा चालतो. हितं न्हाई. ह्यो न सांगता मोडतो. खिळा वाकतो, वाकता वाकता फट दावतो, मानूस सावध व्हतो."

"मग खिळे देऊ?" दुकानदार म्हणाला.

आबा खिळ्याकडेच बघत बोलत राहिले. "पर खिळ्याला वढ सोसत न्हाई. पोरं वर नाचली की पट्टी भितीपासनं सुटाया बघनार. कोच स्क्रू द्या. जाडे, पान्यानं आवळायचे."

दुकानदाराने षटकोनी डोक्याचे, करंगळीएवढे जाड कोच स्क्रू काढले. आबांनी एक उचलून पट्टीची जाडी, शीटची जाडी बोटांवर धरून बघितली आणि त्यापुढे किती उरतं ते अंगठ्याने मोजलं. "ह्ये एवढं समदं उभ्यात गेलं पायजे. परत्येक उभ्यात दोन, जरा वरखाली, म्हंजी लाकूड चिरायचं न्हाई."

सविताला वाटलं, सारिकाला इथे आणायला हवं होतं. पैसे देऊन ती बाहेर पडली तेव्हा मागून दुकानदार दोनदा ओरडला, "आबा, वायसर राहिले!" आबांनी वळूनही बघितलं नाही. तिनेच जाऊन ते घेतले. काळे स्क्रू गळ्यात मारायला निघाला होता म्हणून आबांनी त्याला मोजलं नाही, असं तिला वाटलं, आणि त्याचाही तिला अभिमानच वाटला. माणसाला जे बघायचं असतं ते तो बरोबर बघतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी चढवायची होती. माऊलीने शिडी धरली. सारिका चहाची किटली घेऊन आली आणि गंमत बघायला थांबली. आता राहिलं होतं ते उभे शोधणं. ते शीटच्या आत, रंगाखाली लपलेले. ज्याने सांगाडा उभा केला होता त्याने लाकूड मिळेल तसं, मनाला येईल त्या अंतरावर टाकलं होतं, त्यामुळे माप टाकून ते सापडणार नव्हते. भिंत वाजवूनच बघायची होती. पोकळ जागी ढब्ब वाजतं, उभ्यावर टक्क. लहानपणी सविता आबांच्या शेजारी बसून हाच खेळ खेळायची. ते दाराच्या फळीवर टकटक करायचे आणि ती डोळे मिटून सांगायची, हितं भरीव, हितं पोकळ. ते ऐकण्यात ती चुकली तर आबा तिच्या टाळक्यावरही टकटक करायचे आणि म्हणायचे, "हितं पोकळ."

आबांनी हातोडीच्या दांड्याने रेघेवर वाजवायला सुरुवात केली. कान भिंतीला लावला. ढब्ब, ढब्ब, टक्क. पेन्सिलीची खूण केली. बरोबर. पुढे सरकले. ढब्ब, ढब्ब. तिथेच त्यांनी खूण केली.

सविताला वाटलं, आपणच चुकलो. आबा पुढे गेले. टक्क वाजलं, ते सोडून त्यांनी पुढच्या ढब्बवर खूण केली. त्या पोकळ जागी कान लावून, डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून ते कितीतरी वेळ उभे होते. तो चेहरा बघताच सविताला सगळं एकदम उमगलं. फोन आईच्या हातात का जातो, पारावर लांब का बसतात, दुकानदाराच्या हाकेला का वळले नाहीत. घुमे झालेच नव्हते आबा. करवतींनी त्यांचे कान खाल्ले होते.

तिने माऊलीकडे बघितलं. तो शिडी धरून दुसऱ्या हाताने फोनमध्ये बुकिंग बघत होता. सारिकाला टक्क आणि ढब्ब यांतला फरक कळत असता तर ती सारिका नसती. म्हणजे त्या खोलीत एकट्या सविताला ते ऐकू आलं होतं. ती पुढे झाली. "आबा, जरा..." असं तोंडातून निघालंही होतं. तेवढ्यात सारिका म्हणाली, "खरंच बाई, अजून काय हात चालतो आबांचा! मी उगीच बोलले."

खरंखुरं मनापासून म्हणाली ती. आणि तेच नडलं. सविताने तोंड मिटलं. दोन वाक्यांचं काम होतं. आबा, थांबा, मला वाजवू द्या. पण जावेसमोर, जावयासमोर आपल्या बापाला बहिरा म्हणायचं तिच्या जिभेला जमलं नाही. नंतर सांगू, एकटे असताना सांगू, असं तिने मनाला सांगितलं.

पट्टी चढली. मशीनने भोकं पाडून आबा एकेक कोच स्क्रू पान्याने आवळू लागले. पहिले दोन कुरकुरत, जोर मागत आत गेले. पुढचा सहज फिरला. आबांचा हात थांबला. पाना तसाच धरून त्यांनी मान वळवली आणि खाली उभ्या असलेल्या सविताकडे बघितलं. नुसतं बघितलं.

सविता हसली, मान डोलावली आणि मोठ्याने म्हणाली, "चांगलं झालंय, आबा!"

आबांनी मान परत फिरवली आणि पुढचा स्क्रू घेतला.

संध्याकाळी आबा भावकीतल्या एकाच्या दहाव्यासाठी गावाकडे गेले. शनिवारी परत येऊन वासे टाकतो, फळ्या बसवतो म्हणाले. माऊली गाडी धूत होता, तिथे जाऊन सविताने त्याला सगळं सांगितलं. पट्टीतले निम्म्याहून जास्त स्क्रू नुसत्या शीटमध्ये आहेत, ही पट्टी माळ्याला धरणार नाही.

माऊलीने पाण्याची नळी खाली ठेवली. "मग मामांना सांग की."

"कसं सांगू? इतक्या दिवसांनी हात लावलाय त्यांनी. आता सांगितलं तर कायमचे बसतील."

"मग?"

"प्रदीपला बोलाव. उद्याच्या उद्या."

माऊलीला ते फारसं आवडलं नाही, पण सासऱ्याच्या आणि बायकोच्या मधे पडण्याइतका तो भोळा नव्हता.

प्रदीप आला. त्याने भिंत टकटक वाजवली, भराभर खुणा केल्या, पट्टीवर दाब देऊन बघितला आणि मान हलवली. "स्क्रू एक नंबर आणलेत, वहिनी. जागा चुकलीय. हे काढतो, भोकं बुजवतो आणि उभ्यांत नवीन मारतो."

"नवीन मार," सविता म्हणाली. "पण हे काढू नको. आहेत तसेच राहू दे."

"त्यांचा काही उपयोग नाही, वहिनी."

"दिसायला राहू दे. आणि तुझे दिसता कामा नयेत."

प्रदीपने हातातली पेन्सिल कानामागे खोचली. "बाबांना विचारून केलं असतं तर बरं होतं," तो म्हणाला. "माझा बाप असता तर मी..."

"तुझा बाप नाही ना तो," सविता ताडकन म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू तुझं कर, दादा."

प्रदीपने केलं. पट्टीत खोलगट भोकं पाडून नवे कोच स्क्रू आत दडवले, वरून लाकडाचा भुसा आणि सरस भरला, घासून सारखं केलं, रंगाला रंग लावला. आबांच्या स्क्रूंची डोकी रांगेत तशीच चमकत राहिली. सविताने खालचा भुसा स्वतः झाडून काढला. झाडताना ती स्वतःवर खूष होती, हे सांगायला हवं. माळा पक्का झाला होता आणि आबांचं मनही मोडलं नव्हतं. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा आनंद होता तो. पक्षी कोणते होते ते तिला अजून दिसायचं होतं.

शनिवारी आबा पहिल्या गाडीने आले. एरवी न बोलणारा माणूस त्या दिवशी फाटकातूनच "सवे, सवे" करत आला. सविता मागच्या बाजूला चुलीपाशी होती. ती हात पुसत येईपर्यंत आबा खोलीत शिरून शिडीवर चढलेही होते.

ती दारात थांबली. आबा पट्टीवरून अंगठा फिरवत होते. एका जागी अंगठा थांबला. मागे आला, पुन्हा थांबला. त्यांनी नाक जवळ नेलं. सरसाचा वास लपवता येत नाही, आणि लाकडाच्या माणसापासून तर नाहीच. मग त्यांनी खिशातून पाना काढला, आपल्या एका स्क्रूला लावला आणि हलकेच फिरवला. तो जागच्या जागी गरकन फिरला.

आबा शिडीवर बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.  आता बोलतील, रागावतील, मग आपण सांगू, असं सविताला वाटत होतं. आबांनी पाना खिशात ठेवला.

"वासे दे वर," ते म्हणाले.

दिवसभर त्यांनी वासे टाकून वर फळ्या बसवल्या. इतक्या सुबक की दोन फळ्यांमधून नख जाऊ नये. सारिका येऊन वाहवा करून गेली, माऊलीने फोटो काढले. आबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "फाटकात काय म्हणत होता, आबा?" असं सविताने त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "काय न्हाई." संध्याकाळी निघताना हत्यारांची पिशवी त्यांनी कोपऱ्यात ठेवली.

"हितंच राहू दे," ते म्हणाले. "जड व्हती."

सविताला किती आनंद झाला म्हणून सांगू! तिने सारिकाला सांगितलं, आबांनी पिशवी ठेवलीय, म्हणजे पुढच्या कामाला येणार. बहुतेक त्यांना कळलंच नाही, असंही तिने स्वतःला पटवलं. पटवायला दोन-तीन दिवस लागले, पण पटवलं.

माळा पाहुण्यांना फार आवडला. पोरं वर नाचायची, उड्या मारायची, पट्टी जागची हलायची नाही. सविताने आबांना निरोप धाडला, स्वयंपाकघरात फडताळ करायचंय. आईने फोनवर सांगितलं, ते म्हणतात भाताची लावणी हाय. लावणी झाल्यावर सांगितलं, हात दुखत्यात. मग आई म्हणाली, "आगं, भिमाजीचं दार निखळलंय, शेजारच्या शेजारी, त्याला बी न्हाई म्हनले. हत्यारंच न्हाईत म्हने माज्याकडं." सविताने फोन ठेवला. कोपऱ्यातली पिशवी तिने उघडून बघितली. रंधा, पटाशी, हातोडी, सगळं पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळलेलं होतं. परत यायचं असेल तर माणूस असं बांधून ठेवत नाही.

भातं निघाली त्या सुमारास ती सुदुंबऱ्याला गेली. दुपार कलली होती. अंगणात आई अंबूबाई आणि आळीतल्या बायका सुपं घेऊन भात पाखडत होत्या. आबा अंगणाच्या कडेला बाजेवर बसले होते.

आईने तिला जरा बाजूला घेतलं. "तुला म्हनून सांगते. त्यास्नी ऐकू येत न्हाई गं. लय दिस झालं. कुनाला सांगशील तर बघ, अशी परत आन घातलीया मला."

"मला म्हाईत हाय, आई," सविता म्हणाली.

ती बाजेपाशी जाऊन आबांच्या पायाशी बसली. तिने ठरवून आणलेलं बोलणं मोठं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "आबा, माझं चुकलं."

"आं?"

"माझं चुकलं, आबा."

आबांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल."

सविताने मागे बघितलं. बायका पाखडत होत्या. दोन माणसांसमोर जे बोलायला तिला लाज वाटली होती ते आता सगळ्या आळीसमोर बोलायचं होतं, तेही ओरडून. तिने डोळे मिटले आणि ओरडली, "भित पोकळ वाजत होती, आबा! मी ऐकलं होतं! मी बोलले न्हाई!"

सुपं थांबली. एक म्हातारी पदर तोंडाला लावून बघायला लागली. सविताने आता मागे बघितलं नाही. "तुमच्या माघारी प्रदीपला बोलावलं! नवं स्क्रू मारून घेतलं! तुमचं तसंच ठिवलं, तुमाला कळू नये म्हनून!"

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग बोलले ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, त्यामुळे तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

"मला म्हाईत व्हतं. कानाला न्हाई कळलं, पर हाताला कळलं. तिसरा स्क्रू लोन्यात गेल्यावानी गेला. तवा मी तुज्याकडं बघितलं."

सविताला पान्यावर थांबलेला तो हात आठवला.

"म्हनलं, सवी बोलंल. तिचा कान माज्यासारखाच हाय. ती बोलली की सांगून टाकीन समद्यास्नी, कान गेलं म्हून. तू म्हनलीस, चांगलं झालंय." आबांनी बाजेची सैल दोरी ओढून घट्ट केली. "दहाव्याला बसलो व्हतो तितं बी डोक्यात त्येच. लोकांची लेकरं वर नाचनार. राती तुज्या आईला म्हनलं, आता लपवाया नगं. सवीला सांगतो. म्हंतो, तू भित वाजव, तू ऐक, मी स्क्रू मारतो. तुजा कान, माजा हात. शनवारी त्येच सांगाया पैल्या गाडीनं आलतो. म्हनलं, आधी शिडीवर जाऊन बघावं, कुटं कुटं चुकलंय, म्हंजी तुला नीट दावता यील."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. फाटकातून "सवे, सवे" करत आलेला बाप सविताच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि तिला हुंदका आवरेना. एक दिवस, एकच दिवस ती थांबली असती तर! त्या शनिवारी दोघं मिळून भिंत वाजवत बसले असते, आणि जग काय म्हणालं असतं? काहीही म्हणालं नसतं. सारिकाने चहा आणला असता.

"तवाच का न्हाई बोलला, आबा?" ती रडत ओरडली. "शिडीवरनं खाली उतरून मला दोन ठेवून द्यायच्या!"

"नवं स्क्रू मारलंस त्याचं मला काय न्हाई," आबा म्हणाले. "मारायलाच पायजे व्हतं. जुनं ठिवलंस, त्ये लागलं. ल्हान पोराला खुळखुळा देत्यात, तसं वाटलं."

अंबूबाई सूप खाली ठेवून डोळे पुसत होती. सविताने आबांचे दोन्ही हात धरले. हात चांगले घट्ट होते, कुठे दुखत असल्यासारखे मुळीच नव्हते. "आबा, चला माझ्यासंगं," ती ओरडली. "फडताळ करायचंय. मी वाजवते, मी ऐकते. भरीव म्हंजी भरीव सांगीन, पोकळ म्हंजी पोकळ. सारिकासमोर, पाव्हण्यांसमोर, समद्यांसमोर सांगीन!"

आबा तिच्याकडे बघून हसले. इतक्या महिन्यांनी हसले, आणि त्यात राग नावालाही नव्हता. राग असता तर सविताला पाय धरता आले असते.

"न्हाई, पोरी," ते म्हणाले. "आता तू भरीव म्हनलीस तरी मला वाटंल, म्हाताऱ्याचं मन राखती. आन् तसं वाटलं, की हात चालत न्हाई."

त्यांनी तिच्या हातांतून आपले हात सोडवून घेतले, तिच्या डोक्यावरून एकदा फिरवले आणि बाजेवर ठेवले. अंगणात कुणीतरी पुन्हा सूप उचललं. सविताने तोंड उघडलं. तिचा घसा बसला होता, आणि ओरडून सांगितलं तरी आबांना खरं वाटेल असं तिच्याकडे काहीच नव्हतं.